जगदेवची नसबंदी

टेंभुर्णमाळ गावात नसबंदी करून घेतलेला पुरुष एकच, जगदेव पंजाबराव. आणि त्याची नसबंदी या जन्मी होणं शक्य नाही हे, ज्या बाईनं ती नोंद लिहिली, तिला पक्कं माहीत होतं.

ती बाई म्हणजे उज्ज्वला, गावची आशा. केनवडवरून सहा किलोमीटर आत गेलं की टेंभुर्णमाळ लागतं. तिथं कोण पोटुशी, कोणाला शुगर, कोणाच्या लेकराची लस राहिली, सगळं उज्ज्वलाच्या वहीत असायचं. एकच गोष्ट वहीत नव्हती. जगदेव जन्मला तेव्हा पंजाबरावानं मुलगी झाली म्हणून जिलेबी वाटली होती, ही ती गोष्ट. गावाला ती माहीत होती, त्यामुळं लिहायचं कारण नव्हतं.

चौदाव्या वर्षी त्या मुलीनं विळ्यानं वेणी कापली, बापाची पँट घातली आणि माझं नाव जगदेव म्हणून सांगितलं. गावात तीन दिवस भयंकर चर्चा झाली. चौथ्या दिवशी तालुक्याचे कबड्डीचे सामने होते आणि गावाच्या संघातला सातवा गडी टायफॉइडनं पडला होता. जगदेव उतरला. पहिल्याच चढाईत बाद झाला, पण गाव ढाल जिंकून आलं. आता हा गडी नव्हे असं म्हणायचं, तर ढाल परत द्यावी लागली असती. विषय तिथं मिटला. पुढची चौतीस वर्षं कोणी काढला नाही.

जगदेव शेती बघायचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधून मोटारसायकलवर रिसोडच्या बाजारात. पारावर बसायचा तो गड्यांत. मयताला खांदा द्यायचा. आधार कार्ड काढायच्या दिवशी ऑपरेटरनं मान वर न करताच पुरुष टाइप केलं. बाप वारला, आई प्रयागबाई आणि तो, एवढंच घर.

नसबंदीचं असं झालं. चार वर्षांमागं नोव्हेंबरात पुरुष नसबंदीचा पंधरवडा होता. आरोग्य सहायक गोविंदसिंग तक्ता घेऊन उज्ज्वलाच्या अंगणात येऊन बसला. बातमी फुटल्याबरोबर गावातले निम्मे गडी सासुरवाडीला गेले होते, काही जण तर पहिल्यांदाच.

"आशाताई, बाकी सगळ्या गावाहीचा एक-एक तरी हाय. तुमच्या नावासमोर भोपळा दिसून राह्यला. मी वर काय तोंड दाखवू?"

"मी काय पकडून आणू का, सर?"

तेवढ्यात जगदेव मेथीच्या जुड्या द्यायला आला. त्यानं दोघांची तोंडं पाहिली, भानगड ऐकून घेतली आणि म्हणाला, "मग माहं लिव्हा न. माहं काय जाते?"

गोविंदसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. मग उज्ज्वलाकडं पाहिलं. मग पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

"बायकोचं नाव?"

जगदेवनं थोडा विचार केला. "सुप्रिया."

"कोण सुप्रिया?"

"कोणी नाही. नाव चांगलं हाय."

"अपत्य लागते बा. निदान एक."

"दोन लिव्हा. एक पोरगा, एक पोरगी. पोरग्याचं नाव हरीओम. पोरीचं तिच्या मायले विचारून सांगतो."

उज्ज्वला त्या दिवशी पोट धरून हसली होती. महिनाभरानं प्रमाणपत्र आलं. जगदेवनं ते लॅमिनेट करून बापाच्या फोटोशेजारी टांगलं. सरकारनं सही-शिक्क्यानिशी त्याला पुरुष म्हटलं होतं, वर बायको दिली होती, दोन लेकरं दिली होती. प्रयागबाईनं ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग सून कोठी हाय?"

त्याला आता चार वर्षं झाली. या वर्षी वाशीमला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय होता सर्वसमावेशक आरोग्यसेवा. आशांना एकेक इंद्रधनुष्याचा बिल्ला मिळाला, पुलाव मिळाला आणि धम्मदीपा नावाच्या एका प्रशिक्षिकेचं भाषण मिळालं. ती म्हणाली, "कोणाचे कपडे पाहून फॉर्म भरू नका. ज्याला गर्भपिशवी आहे त्याची तपासणी झाली पाहिजे. तो स्वतःला काय म्हणतो हा त्याचा मान, पण रोगाला मान कळत नाही." बाकीच्या आशा बिल्ला कोणत्या बाजूला लावायचा यावर बोलत होत्या. उज्ज्वलाचा पुलाव मात्र गार झाला.

परतीच्या एसटीत तिनं वही उघडली. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म असतो. बायकांना वेगळे प्रश्न: पाळी गेल्यावर रक्त जातं का, मधेच जातं का, अंगावरून पांढरं जातं का. जगदेवचं नाव बायकांच्या पानावर नव्हतंच. त्याला ती दर वर्षी विचारायची: बिडी पिता का, खर्रा खाता का. तो सांगायचा, खर्रा कमी केला. चार वर्षं तिनं त्याचा मान राखला होता.

आणि तिला पॅड आठवले. वाटपातले दोन पुडे प्रयागबाई गेले सात-आठ महिने न चुकता घेऊन जायची. म्हातारपणी लघवी सुटत असेल म्हणून उज्ज्वलानं कधी विचारलं नव्हतं. गावाचा स्वभावच न विचारण्याचा.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"काकू, पॅड कोणासाठी नेता?"

"मह्यासाठी."

"वय किती तुमचं?"

"असंन चव्हाहत्तर."

"या वयात?"

"देवाची मर्जी," प्रयागबाई म्हणाली, आणि सूप खाली ठेवून तिनं पदर तोंडाला लावला. "आठ महिने झाले माय. पयले थोडं थोडं जाये. पाळी बंद होऊन दोन वर्सं झालती त्याची, मंग हे सुरू झालं. आता गाडीवर बसवत नाही त्याले."

जगदेव वावरात वांग्याच्या ओळीत उकिडवा बसला होता. रंग वांग्याच्या देठासारखा झाला होता. उज्ज्वला रोज त्याला बघत होती, आणि तरी आज तिनं पहिल्यांदा बघितलं.

"मूळव्याध हाय," तो म्हणाला.

"मूळव्याधीले पॅड कायले, भाऊ?"

तो बराच वेळ एका वांग्यातली अळी शोधत राहिला. अळी नव्हती.

"वयनी, तुमी मले आजलोक एक गोष्ट विचारली नाही. आता काहून विचारून राह्यल्या?"

"नाही विचारली तेच चुकलं."

दोन दिवसांनी ती त्याला ऑटोत घालून वाशीमला घेऊन गेली. मोफत उपचारांच्या योजनेत बसणारा एक दवाखाना तिनं शोधला होता. खिडकीवरच्या पोरानं त्याच्या आरोग्य कार्डाचा नंबर टाकला आणि पडद्यावर जगदेवचा संसार उघडला. पुरुष. वय अठ्ठेचाळीस. नसबंदी झालेली. पत्नी सुप्रिया, अपत्ये दोन.

"स्त्रीरोग कायले पाहिजे? मिसेस आल्या का?" पोरानं विचारलं.

"तपासणी यांचीच आहे," उज्ज्वला म्हणाली.

पोरानं जगदेवकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि दोघांतलं जे सोपं होतं त्यावर विश्वास ठेवला. "इथं पुरुषाचा केसपेपर निघतच नाही, मॅडम. बटणच लागत नाही."

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. केसपेपर नसताना त्यांनी जगदेवला पडद्याआड घेतलं आणि हातमोजे घालून तपासलं. बाहेर आल्या तेव्हा आधी हात धुतले, मग पुन्हा धुतले. उज्ज्वलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुकडा काढून तपासायला लगेच पाठवायला हवा. मला जे वाटतंय ते असेल, तर नागपूरला किरणांचा शेक द्यावा लागेल. पण सगळं याच नंबरवर चालतं. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या गर्भपिशवीचा तुकडा मी कोणत्या तोंडानं पाठवू? लॅब परत पाठवेल. नोंद जिथं झाली तिथून दुरुस्त करून आणा. आठ दिवसांत आणा."

जगदेव बाकावर बसला होता. शेजारच्या बाईनं त्याला विचारलं, "बायको आत हाय का?" तो म्हणाला, "हो. सुप्रिया."

उज्ज्वला थेट गोविंदसिंगकडं गेली. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"आशाताई, मी मार्चमधी रिटायर होऊन राह्यलो."

"तो मरून राह्यला, सर."

"मी नाही कुठं म्हणतो? पण नसबंदी झालीच नाही असं लिव्हलं तर तुमी बी जाता, मी बी जातो. कागदाची वाट कागदानंच काढा लागते." त्यानं कपाटातून एक फॉर्म काढला. तो फार हुशार माणूस होता, हे उज्ज्वला पुढं सगळ्यांना सांगत असे. "हे पाहा. नसबंदी उलटवायची शस्त्रक्रिया. नस परत जोडली असं दाखवू. म्हणजे नसबंदी झाली बी अन् गेली बी. मग बायको सोडून गेली दाखवू, लेकरं तिच्यासंगं स्थलांतरित. मग नाव-लिंग दुरुस्तीचा अर्ज. तीन पायऱ्यात माणूस मोकळा."

"किती दिवस लागतीन?"

"दोन महिने धरा. फक्त इथं एक रकाना हाय." त्यानं चष्मा लावला. "उलटवण्याचं कारण. कारण एकच चालते. अपत्याचा मृत्यू."

पेन त्यानं तिच्या पुढं सरकवलं. "पोरग्याले मारता का पोरीले? पोरीचं नाव नाही टाकेल, ते सोपं जाईन."

उज्ज्वलानं पेन हातात घेतलं. असल्याच पेनानं तिनं आजवर झालेले न झालेले सगळे गृहभेटींचे शेरे लिहिले होते, न खाल्लेल्या गोळ्या खायला लावल्या होत्या. नसलेल्या पोरीला मारायला काय लागतं? दोन शब्द. पण तिच्या डोक्यात ती पोरगी आता सहा वर्षांची झाली होती आणि वांग्याच्या ओळीतून पळत होती.

"मी खरं लिव्हते, सर," ती म्हणाली.

"खरं लय लांबचं पडते, ताई," गोविंदसिंग म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

तिनं आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सार्थककडं दोन पानी जबाब लिहून दिला. सार्थक नवीन होता, शिक्षण संपवून सक्तीची एक वर्षाची सेवा करायला आलेला. त्यानं वाचलं, तिचं कौतुक केलं आणि त्याच दिवशी कागद वर पाठवला. तीन आठवड्यांनी वरून उत्तर आलं. प्रकरण गंभीर असून चौकशी समिती नेमण्यात येत आहे, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर इसमाच्या नोंदीत कोणताही बदल करू नये.

"म्हणजे आधी निदान बदलता येत होती," सार्थक म्हणाला. "आता कुलूप लागलं."

तो रोज वर फोन करायचा. समितीतल्या एका साहेबांची मुलगी बारावीला होती, एक साहेब निवडणुकीच्या कामात होते. सातव्या आठवड्यात समिती आली. तोवर जगदेव खाटेवर होता. घराजवळून जाताना वास यायचा. प्रयागबाईनं दारात कडुलिंबाचा धूर ठेवला होता आणि शेजारी विचारत नव्हते.

चौकशी ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. गावाला एवढंच कळलं होतं की आशानं आपल्या जगदेवविरुद्ध काहीतरी लिहून दिलं, तो गडी नव्हे म्हणे. गाव खवळलं. गावकऱ्यांनी जगदेवला खाटेसकट उचलून आणलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि त्याच्या भोवती उभे राहिले. उज्ज्वलाला कोणी बसायला जागा दिली नाही.

पहिला बोलला अमरदीप, जगदेवचा कबड्डीपासूनचा जोडीदार. "साहेब, आमी दोघं लहानपणी नाल्यात नागडे पोहलो. आता यापुढं काय सांगू?"

गावचा न्हावी म्हणाला, "दर शनवारी दाढी करतो मी त्याची. दाट हाय."

साहेबांनी जगदेवच्या गालाकडं पाहिलं.

"कालच केली," न्हावी म्हणाला.

एका बाईनं सांगितलं की जगदेवचं स्थळ तिच्या नणंदेला आलं होतं, हुंड्यावरून फिसकटलं. कोणीतरी भिंतीवरचा कबड्डी संघाचा फोटो काढून साहेबांसमोर धरला आणि सातजण मोजून दाखवले. सुप्रियाबद्दल विचारलं तेव्हा तीन वेगवेगळ्या लोकांनी ती तीन वेगवेगळ्या गावची असल्याचं सांगितलं, पण स्वभावानं चांगली होती यावर एकमत झालं. एक्केचाळीस सह्या झाल्या. गावात पाण्याच्या टाकीच्या जागेवरून नऊ वर्षं एकमत होत नव्हतं.

साहेबांनी प्रयागबाईला विचारलं, "तुम्ही आई. तुम्हांला मुलगा झाला होता का मुलगी?"

"लय दिस झाले, बाप्पा," ती म्हणाली. "मले आठवत नाही."

साहेबांनी उज्ज्वलाकडं वळून पाहिलं. नजरेत राग नव्हता, कीव होती. "बाई, एवढं गाव खोटं बोलतं का?"

हो म्हणायचं तिच्या ओठावर होतं. ती ज्या लोकांच्या लेकरांना पोलिओचे थेंब पाजत आली होती ते सगळे तिच्याकडं बघत होते, आणि ते सगळे तिच्याइतकंच जगदेववर जीव टाकत होते. साहेबांनी लिहायला घेतलं: तक्रारदार आशा स्वयंसेविका हिचे म्हणणे निराधार.

"साहेब," जगदेव म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की न्हाव्याला वाटलं म्हातारी बोलली.

"त्या बाईनं खरं लिव्हलं. माही नसबंदी नाही झाली. मले पिशवी हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ताप हाय त्याले, साहेब," अमरदीप पटकन म्हणाला. "तापात बरळून राह्यला."

"नाही," जगदेव म्हणाला. "बायकाले असते ती पिशवी. तिच्यात सडून राह्यलं काहीतरी."

"डोक्यात गेला ताप," न्हावी म्हणाला.

जगदेवनं तिसऱ्यांदा सांगितलं. यावेळी त्यानं भिंत धरून उभं राहायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. पण खाली बसताना घोंगडी सरकली आणि ती भिजलेली होती, ते लाल सगळ्यांना दिसलं. मग गड्यांनी माना फिरवल्या. कोणी खिडकीकडं पाहिलं, कोणी आपल्या चपलांकडं. एका मिनिटात खोली रिकामी झाली. कोणी काही वाईट बोललं नाही. प्रयागबाई आणि उज्ज्वला, दोघींनी मिळून घोंगडी बदलली.

समितीनं त्याच दिवशी वैद्यकीय पडताळणीचा आदेश काढला. पडताळणी झाली, तुकडा गेला, अहवाल आला. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी तो उज्ज्वलाला वाचून दाखवला. मूत्राशयापर्यंत पोचलं होतं, मांडीच्या गाठींतही. पहिल्या खेपेपासून अकरा आठवडे गेले होते.

"तेव्हाच समजलं असतं तर?" उज्ज्वलानं विचारलं.

"नागपूरला न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं कमी करतील."

नोंद दुरुस्त झाली. नसबंदी गेली, सुप्रिया गेली, लेकरं गेली. पुरुषाच्या जागी स्त्री आलं. धम्मदीपानं फोन करून सांगितलं की तिसरा पर्यायही मागता येतो, त्यासाठी जिल्ह्याला अर्ज करावा लागतो. जगदेव म्हणाला, राहू द्या, आता कोणाले अर्ज करत नाही. गोविंदसिंगला मार्चऐवजी फेब्रुवारीतच घरी बसवलं. उज्ज्वलाचं काम पुढील आदेशापर्यंत थांबवलं, खोटी नोंद केल्याबद्दल आणि नंतर ती कबूल केल्याबद्दल.

तरी ती रोज जगदेवच्या घरी जायची. दुसरं कोणी जात नव्हतं. गड्यांना कळेना की आता आत जाऊन बसावं कसं. बायकांना कळेना की आता बाहेर थांबावं का. दोन्हीकडून माणसं दारापर्यंत येत, कढी-भाताचा डबा ओट्यावर ठेवत आणि जात. डबे खूप जमले. जगदेवला गिळवत नव्हतं.

नागपूरला न्यायच्या दिवशी सकाळी ऑटो दारात लागला. उज्ज्वला पिशवीत कपडे भरत होती तेव्हा अमरदीप आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक, असा उभा राहिला. त्यानं उज्ज्वलाकडं पाहिलं नाही.

"आमी एवढं खोटं बोललो तुह्यासाठी," तो म्हणाला. "अख्खं गाव बोललं. एक्केचाळीस माणसं. अन् तू खरं बोलून बसला."

जगदेव खाटेवरून त्याच्याकडं बघत होता.

"साहेब लिव्हूनच राह्यला होता. दोन मिनिटं होती फक्त. दोन मिनिटं गप बसता नाही आलं तुले? आता मी पारावर काय सांगू लोकाले? काय म्हणून हाक मारू तुले?"

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. प्रयागबाई आत पाण्याची बाटली भरत होती, ती भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.

"बोल न बे," अमरदीप म्हणाला.

"दुखून राह्यलं होतं, अमर्‍या," जगदेव म्हणाला. "लय दुखून राह्यलं होतं."

अमरदीपनं बाहेरचा पाय आत घेतला. मग त्यानं खाली वाकून जगदेवच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली एक, आणि त्याला उचललं. वजन काहीच उरलं नव्हतं. उज्ज्वलानं दार धरलं.